दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ

८ जानेवारी

मुंगी,

पाकिटावर तुझं पूर्ण नाव आहे. आत हेच राहू दे. दुसऱ्या नावाने तुला हाक मारायची मला सवय नाही. सवय लावून घ्यायला अठ्ठावीस वर्षं मिळाली होती.

पत्ता तुझ्या मुलीने दिला. तिच्यावर रागावू नकोस. तिनेच मला शोधून काढलं. फोनवर तिचं पहिलंच वाक्य, "तुम्ही माझे मामा आहात." मी म्हटलं, "बरं." त्या दिवशी तू दारातून गेलीस तेव्हा ती तुझ्या पोटात होती, आता ती मला संगणक शिकवते. तुला फोन करू का विचारलं तर म्हणाली, "उचलणार नाही ती. पत्र टाका. न उघडता फेकायचा तिचा स्वभाव नाही."

म्हणून पत्र.

मी घर सोडतो आहे. जिना चढवत नाही. तळमजल्यावर एक खोली मिळाली आहे, माझ्याएवढी. खाट मावते, टेबल मावतं, बाबांचं रेकॉर्डचं कपाट दारातून आत जात नाही. सुताराला विचारलं. तो म्हणाला, "कपाट जाईल की. आधी भिंत पाडू." तेव्हा रेकॉर्ड संगणकात भरून ठेवायच्या असं ठरलं. भाचीने साबणाच्या वडीएवढी एक डबी पाठवली आहे. एक वायर रेकॉर्डप्लेअरकडून डबीत येते, दुसरी डबीतून संगणकात जाते. वीस मिनिटांची बाजू भरायला वीस मिनिटंच लागतात. घाई करता येत नाही. मी समोर खुर्ची टाकून बसतो आणि पडद्यावर आवाजाची रेघ थरथरताना बघतो.

लाँड्री सोडून दोन वर्षं झाली. बोटांना भेगा पडायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, एकतर बोटं ठेवा, नाहीतर स्पिरिट. चाळीस वर्षं लोकांचे डाग काढले. शेवटपर्यंत सगळे मला डागदर म्हणायचे. ते नाव तू ठेवलंस हे त्यांना माहीत नव्हतं.

भरलेलं सगळं भाचीने केलेल्या फोल्डरमध्ये जातं. ते तुलाही तुझ्याकडे दिसतं म्हणे. एकूण बेचाळीस, आईची धरून.

आईची मी शेवटी करीन. हात बसला पाहिजे आधी. लग्नाच्या आठवडाभर आधी आपला मामा तिला त्याच्या स्टुडिओत घेऊन गेला, आणि तीन मिनिटांचं ते एक गाणं थेट तबकडीवर कापून घेतलं. लेबलवर शाईने तिचं माहेरचं नाव. तिचा आवाज दुसरा कुठे नाही. ती गेल्यावर तू एकदाच मागितलीस, ऐकायला. कपाटाची किल्ली माझ्या खिशात होती. मी म्हणालो, वाजवली की झिजते. ते बाबांचं वाक्य होतं. बाबा तेव्हा हयातही नव्हते.

आता एकदा वाजवीन. मग ती कधीच झिजणार नाही, आणि तबकडी तुझी.

तुझा तो ओरखडाही येईल बरं का त्यात. दुसऱ्या कडव्याला सुई उडी मारते तो. हे गमतीने लिहिलं आहे.

दादा


२३ जानेवारी

मुंगी,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं. भाची म्हणते, "आईने वाचलं. घडी घालून ठेवलं." मी विचारलं, कुठे ठेवलं? "मामा, एवढं नका विचारू."

एकोणतीस झाल्या. आधी प्रत्येक रेकॉर्ड धुतो. त्याशिवाय मला चैन पडत नाही. पाणी, त्यात थोडं स्पिरिट, साबणाचा एक थेंब. मऊ फडक्याने खाचांच्या दिशेने गोल पुसायचं, मग ताटाळ्यात उभी करून वाळवायची. एवढ्याशा स्पिरिटने बोटांना काही होत नाही. खिडकीत नऊ-दहा तबकड्या निथळत असतात. समोरच्या बाई म्हणाल्या, "अहो, ताटं एवढी काळी कशी झाली?" मी म्हटलं, एकट्याचा स्वयंपाक.

परकी भाषा शिकवायची ती रेकॉर्ड सापडली. बाबांनी आणली होती, कोण शिकणार होतं कोण जाणे. त्यातला माणूस अजून तसाच विचारतो, स्टेशन कुठे आहे, आणि बाई त्याला सांगते, सरळ जा. पुढे ऐकणाऱ्याने उत्तर द्यावं म्हणून ती गप्प बसते. तुला ती शांतता फार आवडायची. तू त्या शांततेत उत्तरं द्यायचीस, स्टेशन जळलं, स्टेशन आमच्या दादाने खाल्लं.

सिंहाची गोष्टही भरली. डरकाळी येते तिथे मी उगाच आवाज कमी केला.

भाचीने एक बटण दाखवलं. रेकॉर्डवरची टकटक, खरखर, सगळं निवडायचं आणि दाबायचं. डाग जातो. मी थक्क झालो. चाळीस वर्षं मी हेच केलं आणि ही पोरगी एका बोटाने करते. आता मी एकूण एक टकटक काढतो. तिने टोकलं, "फार नका काढू हं, मामा. गाण्यातलंही थोडं जातं त्यात." मी म्हटलं, डाग कुठला आणि नक्षी कुठली हे मला कळतं.

सुई बदलायला सुईवाल्याकडे गेलो होतो. तुला तो आठवणार नाही, बाजाराच्या मागच्या गल्लीत नंतर आला. दुकानाला पाटी नाही, आत माणूस एकच आणि जुनी यंत्रं दीडशे. त्याला आईच्या तबकडीबद्दल बोललो.

"कंपनीची का हाताने कापलेली?"

"स्टुडिओत कापलेली."

"मग वाजवायच्या आधी माझ्याकडे आणा."

"वाजवता येतं मला."

"येत असेल हो. आणा तरी. आईचा आवाज आहे म्हणता ना?"

नेईन म्हटलं. तसा गृहस्थ बरा आहे, पण बोलतो असा की आपण कालच जन्मलो.

दादा


६ फेब्रुवारी

मुंगी,

तुझं कार्ड आलं. चार वेळा वाचलं. चार वेळा वाचण्याइतकं त्यात काही नाही हे मलाही कळतं. "बाकीच्या नकोत. आईची तेवढी पाठव. ती पाठवेपर्यंत लिहू नकोस."

लिहितो आहे, एवढं माफ कर. पोच देतो आहे असं समज.

अक्षर तुझं बदललं नाही. पाठव मधला ठ अजून पोट सुटल्यासारखा काढतेस.

आज दुपारी कपाटाचा खालचा कप्पा उघडला. किल्ली फिरत नव्हती, तेल घालावं लागलं. तबकडी बाबांनी गुंडाळलेल्या त्याच कापडात होती. हातात घेतल्यावर जड लागली. बाकीच्या हलक्या असतात, वाकतात, ही वाकत नाही. वर पांढरा थर चढला आहे, पीठ भुरभुरल्यासारखा. लेबल स्वच्छ आहे. शाई थोडी तपकिरी झाली आहे, पण नाव वाचता येतं. तिचं ते नाव मी मोठ्याने वाचलं. त्या नावाने तिला या घरात कुणी हाक मारली नव्हती.

बुरशी आहे. ओल लागली असणार. काळजी करू नकोस, डाग हा माझा विषय आहे. सुईवाल्याकडे न्यायचं म्हणजे सोमवारपर्यंत थांबावं लागेल, त्याला शनिवार-रविवार सुट्टी. रविवारी सकाळी खिडकीत ऊन चांगलं असतं. तेव्हाच करून टाकतो. रविवारी दुपारी फोल्डर उघड.

दादा


१३ फेब्रुवारी

मुंगी,

रविवारी जमलं नाही. सुई नीट बसत नाही. तू उगाच फोल्डर उघडत बसू नकोस, झालं की कळवीन.

मधल्या वेळात बाकीच्या पुऱ्या केल्या. एकेचाळीस झाल्या. पक्ष्यांची होती एक, तीत शेवटी नुसता पाऊस आहे. धुणं सध्या बंद ठेवलं आहे. न धुताच भरल्या. बोटं दुखतात. कापूसही संपला.

सामान बांधतो आहे. बाबांची खुर्ची कोणाला हवी का म्हणून खाली विचारलं, कोणाला नको. रविवारी ते तीत बसायचे. दाढी झाली की खुर्ची पुढे ओढायची, तबकडी कापडातून काढायची, आणि आपण दोघांनी सतरंजीवर बसायचं. आई कधी बाहेर यायची नाही. आपला आवाज काय ऐकायचा, म्हणायची, आणि स्वयंपाकघरात राहायची. दुसऱ्या कडव्याला सुई उडी मारायची. दर रविवारी बाबा तिथे मान वळवून तुझ्याकडे बघायचे. बोलायचे नाहीत. नुसते बघायचे. तू सतरंजीचे दोरे काढायचीस. आणि आतून नेमकी त्याच वेळी आई नळ सोडायची. पाणी बादलीत आदळायचं. उडीचा आवाज त्यात बुडून जायचा. मग ती नळ बंद करायची.

किती वर्षं हे चाललं? तू नऊची होतीस. बाबांनी तबकडी कुलपात ठेवली तेव्हा तू पंधराची. म्हणजे सहा.

त्या कडव्याची पहिली ओळ कशी सुरू होते ते आपल्या दोघांनाही कधी कळलं नाही. सुई मधल्या शब्दावर जाऊन पडायची. गाणारी बाई आत भाजी चिरत होती. जाऊन विचारायचं राहून गेलं.

दादा


२ मार्च

मुंगी,

भाचीचा फोन आला होता. तुला सांगेलच ती, तरी मीही लिहितो.

"मामा, फोल्डरमध्ये एकेचाळीस आहेत."

"हो."

"मी नाही मोजत. आई मोजते. रोज सकाळी."

"सुईचं काम आहे."

"सुई मिळत नाही का?"

"मिळते."

मग ती गप्प बसली. तुझ्यासारखीच गप्प बसते, समोरच्याला आपण होऊन बोलावंसं वाटेपर्यंत. मी म्हटलं, दारात माणसं आली आहेत, सामान न्यायला. दारात कोणी नव्हतं.

दादा


१९ मार्च

मुंगी,

तबकडी गेली.

आठ फेब्रुवारी, रविवार, सकाळी दहाच्या सुमारास. माझ्या हातून.

सगळं लिहितो. तुझ्याकडे कोणी दुसरा माणूस नाही की जो तुला हे सांगेल.

आधी नेहमीच्या मिश्रणाने पुसली. पांढरं गेलं. वाळल्यावर पुन्हा दिसायला लागलं. चिवट बुरशी, म्हणून मी बाटलीतलं नुसतं स्पिरिट कापसावर घेतलं. लाँड्रीत पहिल्या दिवशी शिकवतात ते हे, की औषध कपड्यावर घालायच्या आधी आतल्या शिवणीवर एक थेंब घालून बघायचा आणि पाच मिनिटं थांबायचं. चाळीस वर्षांत मी ते एकदाही चुकवलं नाही. कुणाच्या पायपुसण्यासाठीसुद्धा नाही. त्या दिवशी थांबलो नाही. दुपारी फोल्डर उघड असं तुला लिहून बसलो होतो. आणि वाटलं, याला कुठली आली आतली शिवण. कडेला खाचा नसलेला बोटभर काळा भाग होता. तिथे बघता आलं असतं.

पहिला बोळा काळा झाला. आमच्या धंद्यात कापूस काळा झाला की बरं वाटतं. मळ सुटतो आहे असा त्याचा अर्थ. दुसरा घेतला. तोही काळा. मी बाहेरून आत जात होतो, गोल, खाचांच्या दिशेने, जसं करायचं तसं. तोंडाने शीळ चालली होती. तेच गाणं होतं. सातव्या बोळ्याला खालून पत्रा चमकला. ती आतून ॲल्युमिनियमची असते, आपल्याला माहीत नव्हतं. काळा होता तो नुसता लेप, आणि आवाज त्या लेपात होता.

तरी सुई ठेवून बघितली. ती घसरत मधल्या लेबलपर्यंत गेली. चार सेकंद.

दुसऱ्या दिवशी सुईवाल्याकडे नेली. त्याने ती दिव्याखाली धरली, फिरवून बघितली. मग म्हणाला, "साहेब, हा थर मळाचा नव्हता. लेप म्हातारा झाला की त्याच्या अंगातून असं बाहेर येतं. कोरड्या ब्रशने झटकायचं आणि वाजवायची. स्पिरिटने लेप विरघळतो. तुम्हाला आणायला सांगितली होती ना मी?"

"हो."

"मग?"

"काल तुमचं दुकान बंद होतं."

"आज उघडं आहे," तो म्हणाला.

नवी सुई त्याने फुकटच देऊ केली. मी तिथेच ठेवून आलो.

आता दुसरं. एकाच पत्रात दोन्ही लिहितो, नाहीतर दुसरं राहील.

ओरखडा मी पाडला होता. मी चौदाचा होतो. शनिवारी दुपारी बाबा कामावर, आई शेजारी. आवाज नेमका कुठून निघतो ते बघायचं होतं. फिरत्या तबकडीवर मी सुई हाताने दाबली आणि ती सटकली. मी सगळं जागच्या जागी ठेवलं. रविवारी बाबांनी विचारलं, कोणी हात लावला? त्याआधी एकदा तू कापड सोडताना सापडली होतीस, म्हणून त्यांनी तुझ्याकडेच बघितलं. तू बोलली नाहीस. तुला वाटलं असेल, आपल्या त्या वेळच्याच हाताने झालं. मीही बोललो नाही. त्यांनी तुला मारलं नाही, नुसते बघत राहिले. मी मनात म्हटलं, बरं झालं, मारलं नाही. पुढच्या रविवारी सांगू असं ठरवलं. पुढे दर रविवारी ठरवत होतो.

आणि जानेवारीत, माझ्या पहिल्या पत्रात, मी तुला तुझा ओरखडा असं लिहिलं. गंमत म्हणून. मी ते लिहिलं, पाकीट चिकटवलं आणि पेटीत टाकून आलो, आणि परत येताना मला काहीही वाटलं नाही.

आई गेल्यावर तू मागितलीस तेव्हा न द्यायचं हेही एक कारण होतं. वाजवली असती तर ती जागा आली असती, आणि खोलीत आपण दोघंच असतो. बाबांच्या जागी बघायला मीच उरलो होतो.

सात बोळे आहेत. मी टाकले नाहीत. काचेच्या बरणीत घालून झाकण लावलं आहे. त्यात ती आहे असलं काही मी म्हणत नाही. टाकवत नाहीत एवढंच. तबकडी फडक्यात गुंडाळून तुझ्यासाठी ठेवली आहे. पत्र्यात चेहरा दिसतो. हवी असेल तर कळव, नको असेल तर नको.

जाताना तू म्हणाली होतीस, ठेव जपून. ठेवली होती.

दादा


११ मे

मुंगी,

उत्तर देऊ नकोस असा तुझा निरोप भाचीने दिला. हे उत्तर नाही. पोच आहे. लाँड्रीत असताना कपडा हातात आला की पावती फाडायची सवय होती, तसंच.

मी नव्या खोलीत आलो. एक खिडकी, बाहेर सायकली लावायची जागा. भिंतीला लागून खाट, तिच्यापासून चार पावलांवर मोरी आणि नळ. बरणी फळीवर आहे. रेकॉर्डप्लेअर सुईवाल्याला देऊन टाकला. "विकत नाही घेणार मी हा," तो म्हणाला. मी म्हटलं, मी विकत नाहीये. मग त्याने चहा मागवला. तबकडीचा विषय त्याने काढला नाही.

काल सकाळी संगणक लावला तर फोल्डरमध्ये बेचाळीस.

शेवटचीला नाव नव्हतं, नुसती तारीख. तीन मिनिटं अकरा सेकंद. मला वाटलं भाचीने काहीतरी टाकलं असेल. तिला फोन केला.

"मी नाही, आईने. माझा फोन घेतला आणि मला खोलीबाहेर काढलं. दोनदा म्हटलं तिने. पहिलं पुसून टाकलं."

"काही म्हणाली?"

"उत्तर देऊ नको सांग, एवढंच." मग थांबून, "ओरखड्याचं तिला माहीत होतं, मामा. ती त्या दिवशी दाराच्या पडद्यामागे उभी होती."

मी विचारलं, मग बोलली का नाही?

"मीही तेच विचारलं. म्हणाली, तो सांगेल म्हणून वाट बघत होते."

पुढे भाची हॅलो, हॅलो करत राहिली.

दुपारी ऐकलं. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आहे. मग तू खाकरतेस. कोणीतरी खालच्या रस्त्यावर ट्रक मागे घेतं. मग तू आईचं गाणं सुरू करतेस. आवाज जाड झाला आहे तुझा, वर जाताना फाटतो, आणि श्वास पुरत नाही म्हणून तू ओळीच्या मधेच थांबतेस. आईचा तबकडीतला आवाज विसाव्या वर्षीचा होता. ती गेली तेव्हा सत्तावन्नची होती. तू एकोणसाठची आहेस. एवढ्या वयाचा आवाज तिला कधी मिळालाच नाही.

पडद्यावर तुझी रेघ उमटली होती. ट्रक स्पष्ट दिसत होता, खाकरणंही. ते बटणही तिथेच होतं. मी कशालाही हात लावला नाही.

पहिलं कडवं झालं. पुढे काय येणार हे मला माहीत होतं, आणि मी उठलो. का उठलो ते चार पावलं चालल्यावर कळलं. हात नळावर होता.

तू ती ओळ अर्धीच म्हटलीस. जशी तबकडी म्हणायची तशी, मधल्या शब्दापासून, जरासुद्धा न अडखळता.

नळ सोडला नाही. ऐकलं.

दादा